साथ आली की मोठी, दाट शहरंच आधी का होरपळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेच्या बाजूला आमचं औषधांचं दुकान आहे. कोरोनाची दोन वर्षं मी काउंटरच्या आतून पाहिली, आणि तेव्हा जे कळलं नाही ते नंतर वाचून काढलं. गिऱ्हाईकं, भिशीतल्या बायका, पुण्याचा भाचा, कोणी ना कोणी अजून तेच प्रश्न विचारतं. दर वेळी तोंड दुखवून घेण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. कुठली गोळी घेऊ, हे इथे विचारू नका.

साथ मोठ्या शहरातच आधी का येते?

कारण सगळ्या वाटा तिथे येऊन मिळतात. विषाणूला पाय नसतात. तो माणसाबरोबर येतो, आणि माणूस पोटामागे मोठ्या शहरात येतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतला प्लेग डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला तो मांडवीत, म्हणजे गोदीला लागून असलेल्या, धान्याच्या वखारींनी भरलेल्या भागात. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझानं मुंबईत आधी आडवे पाडले ते काही पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. बावीस वर्षांच्या अंतरानं आलेले दोन वेगळे रोग, पण शिरले एकाच दारातून.

इंदूरला समुद्र नाही. पण आग्रा-मुंबई रस्ता आहे, आणि जुलै २०१९ पासून दुबईचं थेट विमान सुरू झालं होतं. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, देशभर टाळेबंदी लागली त्याच सुमाराला, इथे पहिले रुग्ण सापडले. सापडले म्हणजे तेव्हाच आले असं नाही. तोवर होळी होऊन गेली होती, लग्नाच्या पंगती उठल्या होत्या. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, तेवढी रद्द झाली होती, त्यावरही लोक कुरकुरले होते.

अमेरिकेतल्या ९१३ महानगरी काउंटींवर (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) २०२० मध्येच एक अभ्यास झाला. चौरस मैलाला माणसं किती, यापेक्षा ते महानगर एकूण केवढं आणि आजूबाजूशी किती बांधलेलं आहे, याचा संबंध लागणीशी जास्त निघाला. दाट काउंटींमध्ये मृत्यूचं प्रमाण तर उलट कमी होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अजिबात पटलं नव्हतं.

म्हणजे दाटीचा काही दोष नाही म्हणता?

आहे, पण कुठल्या दाटीचा ते आधी ठरवू. आपल्याकडे यासाठी चांगले वेगवेगळे शब्द आहेत आणि आपणच ते एकमेकांत कालवतो. दाटी म्हणजे नकाशावर एका चौरस किलोमीटरमध्ये किती डोकी. गर्दी म्हणजे रात्री दहा वाजता सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या कढईभोवती असते ती. आणि कोंदट म्हणजे एका खोलीत सहा माणसं, एक खिडकी, तीही डासांमुळे बंद. श्वासातून पसरणाऱ्या रोगाचं खरं फावतं ते कोंदट जागेत. नकाशावरची दाटी त्याला ठाऊकही नसते.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, शेतीवाडीच्या एका काउंटीत, गाणाऱ्या मंडळींची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण जमले होते. त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघं गेले. तिथे कसली आलीय दाटी! बंद हॉल होता, मोठ्यानं गाणं होतं आणि उठायची घाई कुणालाच नव्हती.

उलट बाजूला हाँगकाँग. ७५ लाख माणसं, आभाळाला टेकलेल्या इमारती, आणि २०२० च्या अखेरीपर्यंत मृत्यू दीडशेच्या आसपास. लोकांनी पहिल्या आठवड्यापासून मास्क लावले, कारण २००३ च्या सार्सची आठवण ताजी होती. पण त्यांचंही सगळं गोड मानू नका. २०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉन आला तेव्हा तिथल्या पुष्कळ म्हाताऱ्यांनी लसच घेतलेली नव्हती, आणि काही आठवड्यांत हजारो गेले. शहर तेच होतं, दाटीही तीच.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. तिथे सर्वांत दाट वस्ती मॅनहॅटनची. तरी पहिल्या लाटेत लागणीचं प्रमाण ब्रॉंक्स आणि क्वीन्समध्ये जास्त होतं, आणि स्टेटन आयलंड या त्यातल्या त्यात विरळ, घरासमोर अंगण असलेल्या भागातही मॅनहॅटनपेक्षा जास्त. मॅनहॅटनच्या उंच इमारतींतले पुष्कळजण घरून काम करत होते, काही तर गाव सोडून गेले होते. ब्रॉंक्स-क्वीन्समध्ये राहणाऱ्या नर्सा, बसड्रायव्हर आणि वाणसामानाच्या दुकानातली माणसं रोज कामावर जात होती आणि संध्याकाळी भरल्या घरात परतत होती.

आम्ही वाड्यात पंचवीस माणसं राहायचो. आम्हाला कधी काही झालं नाही!

हा प्रश्न नाही, ही तक्रार आहे, आणि ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावी लागते. माझंही बालपण जुनी इंदूरच्या वाड्यातच गेलं. आठ बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ आणि मागच्या बाजूला दोन संडास. सकाळी बादल्यांची रांग लागायची, तिथेच सगळ्यांच्या घरच्या बातम्या कळायच्या. आणि पोरांना गोवर, कांजिण्या, गालगुंड होऊन जायचेच. एका बिऱ्हाडात अंगावर फोड दिसले की पंधरा दिवसांत आठही घरांत कडुनिंबाचे डहाळे लागलेले असायचे. ‘काही झालं नाही’ हे आपण वाचलेले लोक म्हणतो. जे दगावले ते सांगायला येत नाहीत. माझ्या आजीची दोन मुलं लहानपणीच गेली. घरात त्यांचा विषय निघत नसे.

पण वाड्याची एक बाजू घ्यायलाच हवी. माणसं झोपण्यापुरती खोलीत असत, बाकीचा दिवस चौकात नाहीतर ओटल्यावर. चौक म्हणजे वर उघडं आकाश. त्याच वाड्याचे पुढे तुकडे पाडले, चौकावर पत्रा टाकला, एका खोलीच्या दोन केल्या आणि भाडेकरू ठेवले. माणसं तेवढीच राहिली असतील, हवा मात्र संपली.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये खरंच किती फरक पडला?

याचा आकडा आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासून कोणाला लागण होऊन गेली आहे ते पाहिलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये १६ टक्के. वॉर्ड एकच आणि हवामान एकच. काही ठिकाणी मधे फक्त एक भिंत असेल.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरही नसलेल्या जागेत आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांना सार्वजनिक संडासाशिवाय पर्याय नाही. तिथे ‘घरात बसा’ म्हणणं म्हणजे भुकेल्याला उपास कर म्हणण्यासारखं. महापालिकेनं तिथे वेगळा मार्ग धरला: दारोदार जाऊन ताप मोजणं, संशयित माणसाला शाळेत नाहीतर सभागृहात नेऊन वेगळं ठेवणं, संडास दिवसातून अनेकदा धुणं, जेवण पोहोचवणं. जुलैपर्यंत तिथले नवे रुग्ण खूप खाली आले. आता हे कामामुळे झालं की निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेलं म्हणून, यावर अजून वाद घालतात. मला विचाराल तर दोन्हींमुळे, आणि वस्तीतली सरासरी वयं तरुण म्हणून मृत्यू कमी झाले हेही आहेच.

इंदूर देशात सगळ्यात स्वच्छ. मग आपल्याकडे एवढं का पसरलं?

भाचा हा प्रश्न खवचटपणे विचारतो. पुण्याचा आहे, चालायचंच.

२०१७ पासून देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात आपला नंबर ओळीनं पहिला आला, त्याचा अभिमान मलाही आहे. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं होतं. पण कचरा उचलल्यानं हवा बदलत नाही. प्रत्येक रोगाची वाट वेगळी. कॉलरा पाण्यातून येतो. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात जॉन स्नो यांनी एका पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून ते दाखवलं. प्लेगला उंदीर आणि पिसू लागतात, म्हणून तो धान्याच्या वखारीत माजला. डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कोरोना आणि इन्फ्लुएंझा श्वासातून. रस्ता आरशासारखा असला तरी आतल्या खोलीत कोणी खोकत असेल तर झाडू काय करणार?

स्वच्छतेच्या यंत्रणेचा उपयोग मात्र झाला, वेगळ्याच तऱ्हेनं. मार्चअखेरीस इथे इतकी कडक बंदी लागली की दूध-किराणाही काही दिवस थांबला. त्यानंतर किराण्याची चिठ्ठी कचरागाडीवाल्याकडे द्यायची आणि सामान घरपोच यायचं, अशी सोय झाली. ज्या शहरात रोज प्रत्येक दारापर्यंत एक गाडी जाते, त्याच शहरात हे सुचतं. आमच्या सासूबाईंनी पहिल्या चिठ्ठीत ‘पोहे जाड’ असं दोनदा अधोरेखित केलं होतं. आले पातळच.

एवढ्या वेगानं कसं वाढलं? आज चार, उद्या चाळीस?

हा हिशोब मी वहीत करून दाखवते. एकाकडून दोघांना लागण, दर पाच दिवसांनी एक फेरी. पन्नास दिवसांत दहा फेऱ्या होतात आणि दहाव्या फेरीत १,०२४ जण आजारी पडतात. आता एकाकडून दोघांऐवजी तिघांना होऊ द्या. त्याच दहाव्या फेरीत ५९,०४९.

दाट शहर काय करतं? दोनाचे तीन करतं. बाकी सगळं आपोआप होतं. लिफ्ट, सिटीबस, एक स्वयंपाकघर आणि सामायिक नळ मिळून ते एक जास्तीचं माणूस पुरवतात. आणि म्हणूनच तिनाचे परत दोन करणं, दोनाचा दीड करणं याला एवढं महत्त्व. आम्ही दुकानासमोर खडूनं गोल आखले होते आणि काउंटरपुढे दोरी बांधली होती. लोक हसायचे. गोलात चप्पल ठेवून सावलीत जाऊन उभे राहायचे, सगळे एकाच सावलीत!

सगळ्यात जास्त कोणाला बसलं, गरिबांना ना?

हो. आणि हे नवं नाही. १९१८ च्या मुंबईतल्या इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंची जातवार नोंद आहे. हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना तेव्हाच्या कागदांत ‘खालच्या जातीचे हिंदू’ लिहिलंय त्यांच्यात ६१.६. शहर एक, महिना एक, विषाणू एक. एकाला बंगल्यात वेगळी खोली आणि शुश्रूषेला माणूस, दुसऱ्याला चाळीतल्या एकाच खोलीत सगळं बिऱ्हाड. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

आपल्याकडे मे २०२० मध्ये बायपासवर जे दिसलं ते विसरता येत नाही. मुंबई-नाशिककडून निघालेली माणसं सेंधव्याचा घाट चढून आग्रा-मुंबई रस्त्यानं उत्तर प्रदेशाकडे चालत होती. काही सायकलवर, काही ट्रकच्या टपावर, काही ऑटोरिक्षातून बायकापोरांसह. इंदूरकरांनी पाणी, जेवण, चपला वाटल्या. मी आणि हे दोघं दुकानातून ओआरएसची पाकिटं आणि पायाच्या फोडांसाठी मलम घेऊन गेलो होतो. एका बाईनं मलम नको म्हटलं. तिला फक्त मोबाइल चार्ज करून हवा होता, घरी कोण कोण आहे ते कळायला. गाडीच्या चार्जरला लावून दिला. वीस टक्के झाल्यावर ती उठलीच, बरोबरचे पुढे गेले होते.

त्यांना शहराच्या दाटीनं मारलं नव्हतं, शहरात हातावरचं पोट बंद झालं होतं. दाट शहराचा हा दुसरा तोटा: लाखो माणसं रोजच्या रोजीवर जगतात आणि खोली भाड्याची असते. काम थांबलं की आठवड्यात छप्परही जातं.

तपासणीवाल्यांवर दगड का मारले लोकांनी?

१ एप्रिल २०२० ची इंदुरातल्या ताटपट्टी बाखल या वस्तीतली घटना. देशभर गाजली. आरोग्य पथकावर दगडफेक झाली, आणि पथकातल्या दोघी डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. त्यांच्या हिमतीपुढे आपण काय बोलणार.

दगडाचं समर्थन नाही. पण भीती कशी काम करते ते समजायला १८९७ चं पुणे आठवावं. प्लेगसाठी घरात शिरून झडत्या घेणं, सामान बाहेर फेकणं, माणसाला ओढत छावणीत नेणं, याचा संताप इतका साठला की २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. पथक कशासाठी आलंय, नेलेला माणूस परत येणार का, हे ओळखीच्या तोंडून कळलं नाही तर गल्ली अफवेवर चालते. दाट वस्तीत अफवा विषाणूपेक्षा लवकर पोहोचते, कारण तिला खोकायची गरज नसते. आमच्या भागात नेहमीची अंगणवाडीवाली ताई बरोबर आली की दारं उघडायची. नुसता गणवेश आला की आतून कडी.

मग गावाकडे जाऊन राहावं का? गावं तर सुरक्षित असतात.

सुरुवातीला हो, शेवटपर्यंत नाही. साथ शहरात लवकर पेटते, गावात उशिरा पोहोचते, एवढाच फरक पुष्कळदा असतो. गोवरासारखा रोग लस येण्याआधी लहान गावात येऊन सगळ्यांना होऊन विझून जायचा. कायम तेवत राहायला त्याला अडीच-तीन लाखांची वस्ती लागे. म्हणजे शहर हे कोठार, तिथून ठिणग्या उडत राहतात.

१९१८ मध्ये तर खेड्यांनीच जास्त सोसलं. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसं गेली असं बहुतेक अंदाज सांगतात, आणि सर्वांत जास्त फटका बसलेल्या भागांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते, जिथे मुंबईसारखं एकही शहर नव्हतं. पाऊस बुडालेला, धान्य महाग, आणि घरातली सगळीच माणसं एकदम आडवी पडली तर पाणी द्यायलाही कोणी नाही. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. पॅसिफिकमधल्या पश्चिम सामोआत नोव्हेंबर १९१८ मध्ये एका जहाजातून साथ उतरली आणि लोकसंख्येचा पाचवा हिस्सा, कदाचित थोडा जास्तच, मेला. शेजारच्या अमेरिकन सामोआनं जहाजं रोखली, तिथे एकही मृत्यू नाही. दोन्हीकडे नारळाची झाडं आणि उघड्या झोपड्याच होत्या.

एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आपल्याकडेही देपालपूर-सांवेरच्या गावांपर्यंत गेली. तेव्हा फोन यायचे, ‘वहिनी, ऑक्सिमीटर आहे का?’ ऑक्सिमीटर संपलेले होते, आणि असता तरी ऐंशीचा आकडा बघून पुढे न्यायचं कुठे, तर परत इंदूरलाच.

मग शहराचे आकडे फुगलेले असतात का?

थोडे. शहरात तपासण्या जास्त होतात, मृत्यूची नोंद नीट होते. शिवाय धार, झाबुआ, खरगोन, देवास इथले गंभीर रुग्ण इंदूरला येतात. आमच्याकडच्या चिठ्ठ्यांवरचे पत्तेच मी सांगू शकते: त्या दिवसांत तीनातली एक चिठ्ठी बाहेरगावची असे. पण म्हणून शहराला काही झालंच नाही असं कोणी म्हणेल तर त्यानं तेव्हाची स्मशानं पाहिली नाहीत.

शहरात दवाखाने जास्त. मग शहरातच वाचायला हवं होतं ना?

दवाखाने रोजच्या गरजेपुरते असतात. पूर येतो म्हणून कोणी घराला बोट बांधून ठेवत नाही. हजार माणसं महिनाभरात पसरून आजारी पडली तर शहर सांभाळतं. तीच हजार एका आठवड्यात आली की खाटच उरत नाही. त्यामुळे वेग हाच मारतो. एप्रिल २०२१ मध्ये इंदूरहून रिकामे ऑक्सिजन टँकर हवाई दलाच्या विमानानं जामनगरला न्यावे लागले, भरून आणायला.

दवाबाजारातली रेमडेसिवीरची रांग मी पाहिली. तिच्यात उभे असलेले स्वतः आजाऱ्याच्या खोलीतून उठून आलेले. म्हणजे औषधाच्या रांगेतच रोगाची वाटणी. त्या औषधानं जीव वाचण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत २०२० च्या अखेरीसच दिसलं होतं. हे मी काउंटरवर सांगायचे तेव्हा लोक माझ्याकडे असे बघत, जसं काही मी माल दडवून ठेवलाय. एकदा एक मुलगा खिशातून बहिणीचं मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवायला लागला. मी ते परत त्याच्या हातात दिलं. आमच्याकडे ते औषध नव्हतंच.

दाटीचा फायदाही सांगते. २१ जून २०२१ ला एका दिवसात इंदुरात दोन लाखांहून जास्त लशी टोचल्या गेल्या. विखुरलेल्या पाड्यांवर हे होत नाही. आमच्या गल्लीतलं केंद्र घरापासून दोनशे पावलांवर होतं आणि सासूबाई गाऊनवर शाल घेऊन जाऊन आल्या.

इंदूरला याआधी अशी साथ आली होती का?

आली होती, आणि तिच्यातून आपल्याला एक अजब गोष्ट मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेग इथे पुन्हा पुन्हा यायचा. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाला बोलावलं. मुळात जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला.

अहवालापेक्षा मजेची त्याची दिवाळी. लोक त्याला हेर समजत, घर पाडायला आलेला माणूस म्हणत. त्यानं दरबाराकडे एका दिवसाची सत्ता मागितली आणि दवंडी पिटवली की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सगळ्यात जास्त घरं साफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्यानं जाईल. मग काय, गल्ल्या-गल्ल्यांत चुरस लागली, गाड्याच्या गाड्या घाण बाहेर निघाली. मिरवणुकीत राक्षस होते आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर. सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हारतुरे घालून चालले. शेवटी राक्षसांना आणि उंदराला आग लावली. दंड, नोटीस, झडती यांतलं काहीही नाही. रँडच्या पुण्यानंतर वीस वर्षांनी इंदुरात एक गोरा माणूस लोकांना हौसेनं घर झाडायला लावत होता. स्वच्छ सर्वेक्षणाच्या शंभर वर्षं आधी वॉर्डावॉर्डांतली स्पर्धा इथे होऊन गेली, हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो गप्प बसला.

रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या, तर शहर सुटसुटीत होणार नाही का?

मुंबईनं करून पाहिलं. प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, समुद्राचा वारा आत यावा म्हणून गल्ल्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले. रस्ते चांगलेच झाले. पण ज्यांच्या चाळी पाडल्या ते कामापासून लांब जाऊ शकत नव्हते, शेजारच्या चाळीत शिरले, आणि तिथली एक खोली दोन कुटुंबांची झाली. दादर-माटुंग्याला नवी वस्ती वसवली ती बहुतेक पगारदारांना परवडली.

गेडिसचं म्हणणं नेमकं याच्या उलट होतं. सरळ रस्त्यासाठी मोहल्ला कापू नका. सगळ्यात मोडकळीला आलेलं एखादं घर काढा, तिथे छोटं अंगण ठेवा, एखादं झाड लावा, बाकीची घरं हवेशीर करा. शस्त्रक्रिया, पण जपून. इथे इंदुरात राजवाड्याच्या आसपास रस्ते रुंद करताना घरांचे पुढचे भाग कापले गेले, तेव्हा मला तोच आठवला. कापलेल्या घरात माणसं राहतातच आहेत, फक्त पुढची खोली आणि ओटला गेला, म्हणजे जी हवेची जागा होती तीच.

नवं घर घेतोय. काय बघू?

हे विचारणारा भाचाच. पुण्यात सोळाव्या मजल्यावर फ्लॅट बघत होता. समोरासमोर खिडक्या आहेत का ते बघ म्हटलं, संडास-बाथरूमची खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये ते बघ, आणि एखादी खोली अशी आहे का जिथे आजारी माणूस दार लावून आठ दिवस राहू शकेल. स्विमिंग पूल नाही बघितलास तरी चालेल. बरोबर एक उदबत्ती ने. खोलीच्या मधोमध लाव, पाच मिनिटं बाहेर जा, मग येऊन धूर कुठे गेलाय ते बघ.

तो खरंच घेऊन गेला. नमुना फ्लॅटमध्ये उदबत्ती लावली, आणि दोन मिनिटांत सुरक्षारक्षक धावत वर आला, धुराचा गजर वाजला म्हणून. धूर खोलीतच होता.